खोक्यातले सप्तर्षी

मे महिन्याच्या सुटीत चर्चच्या बायबल शाळेत ताऱ्यांचा धडा आला की काळा कार्डपेपर, चमकीचे तारे आणि फेविकॉल निघतो. मुलं रमतात, पण आकाश सपाटच राहतं. ईयोबाच्या 9व्या अध्यायात सप्तर्षी, मृग, कृत्तिका घडवणाऱ्याची थोरवी आहे. 147व्या स्तोत्रात देव तारे मोजतो, त्यांना नावांनी ओळखतो. ही थोरवी मुलांना कळायची तर ताऱ्यांची अंतरं त्यांनी स्वतः पट्टीनं मोजायला हवीत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी बुटांचा खोका पुरतो.

खोका साधारण 33 सेंटिमीटर लांब हवा. एका अरुंद बाजूला मधोमध डोळा लावण्यापुरतं भोक पाडा. समोरच्या बाजूला आतून काळा कागद लावून खडूनं सप्तर्षींचे सात ठिपके काढा. क्रतूपासून मरीचीपर्यंत सरळ 15 सेंटिमीटर भरले, की भोकातून ते आकाशात दिसतात तेवढेच दिसतात. मग एकेका दोऱ्यात पांढरा मणी ओवून दोरा ठिपक्यापासून भोकाच्या कडेपर्यंत ताणून चिकटवायचा.

खरं काम मण्यांच्या जागांचं. 4 प्रकाशवर्षांना 1 सेंटिमीटर धरून भोकापासून दोऱ्यावर मोजायचं. पुलह आणि अत्री सुमारे 80 प्रकाशवर्षांवर, म्हणून त्यांचे मणी 20 सेंटिमीटरवर. पुलस्त्य, अंगिरस, वसिष्ठ 83च्या आसपास, म्हणजे जरासेच पुढे. मरीची 104, त्याचा मणी 26वर. क्रतू 123, त्याचा मणी जवळजवळ 31वर, पार मागच्या भिंतीजवळ. मणी सरकू नयेत म्हणून फेविकॉलचा थेंब लावून रात्रभर वाळू द्या.

भोकातून पाहिलं की ओळखीचा चौकोन आणि शेपूट. वरून पाहिलं की आकृतीच नाही! पाच मणी जवळजवळ, दोन लांब. हे पाच तारे खरोखरच एका कुळातले, अवकाशात एकाच दिशेनं चाललेले. क्रतू आणि मरीची यांची वाट वेगळी. त्यामुळे लाखभर वर्षांनी ही आकृतीही बदललेली असेल.

‘मग आकृती खोटी का?’ असं मुलं विचारतात. शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये. आपण उभे आहोत तिथून ती तशीच दिसते, दुसऱ्या ताऱ्याजवळून दिसणार नाही, हे सरळ सांगावं. एवढ्यानं श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट, स्तुती करायला मुलांपाशी आणखी एक कारण येतं.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळनंतर सप्तर्षी उत्तरेला चांगले वर असतात, तेव्हा खोका घेऊनच गच्चीवर जावं. पुलह-क्रतूची रेघ पुढे नेली की ध्रुव सापडतो. तो चारशेहून अधिक प्रकाशवर्षांवर आहे. आपल्या मापानं त्याचा मणी भोकापासून मीटरभराहून लांब येतो, म्हणजे खोक्याच्या बराच बाहेर. तो हातात धरून एका मुलाला तिथे उभं करावं लागतं.