पावसाचा खंड आणि आपण

पावसाची लहर नगर जिल्ह्याला नव्याने सांगावयास नको. अकोले तालुक्यात घाटघरला तो कोसळत असतो, आणि त्याच वेळी पाथर्डी-जामखेडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो.

जमीन तापते, म्हणून समुद्रावरून वारे येऊन पाऊस पडतो, असे आपण शाळेत शिकलो. एवढेच खरे असते, तर दुष्काळी साली पाऊस अधिक पडावयास हवा. कारण तेव्हाच जमीन अधिक तापलेली असते! ही विसंगती पुढे मांडणाऱ्या डॉ. सुलोचना गाडगीळ (१९४४–२०२५) मूळच्या पुण्याच्या. हार्वर्डहून परतल्यावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी पावसाचाच ध्यास घेतला. १९८० साली डी. आर. सिक्का यांच्यासह उपग्रहांची चित्रे तपासून त्यांनी दाखविले, की विषुववृत्तालगतच्या समुद्रावर उठलेले ढगांचे पट्टे दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकतात. जुना पट्टा विरला आणि नवा लांबला, की खंड पडतो.

एल निनोचे नाव काढताच आपले काळीज धसकते. पण १९९७ साली तो जबर असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली त्याहून सौम्य असता दुष्काळ पडला. याचे एक कारण त्यांनी हिंदी महासागरावरील ढगांच्या पूर्व-पश्चिम झोक्यात शोधले.

तेव्हा एका खुणेवर भरवसा ठेवू नये. अनंतपूरकडील कोरडवाहू भुईमूग कधी पेरावा, हे त्यांनी पावसाच्या जुन्या नोंदी आणि शेतकऱ्यांचा अनुभव जोडून तपासले. दुबार पेरणीचा घाव सोसणाऱ्या आपल्या तालुक्यांच्या नोंदीही कपाटातून बांधावर यावयास हव्यात.