कुसळ येण्याआधी

माण-खटावच्या आणि पारनेरच्या खासगी माळांवर गवतकापणीची लगबग सुरू होते ती दिवाळीच्या आगेमागे. तोवर गवत पिवळं पडून बी गळालेलं असतं. पेंढ्या बांधायला ते सोयीचं, पण जनावराच्या अंगी फारसं लागत नाही. फुलोऱ्यावर येताना या गवतात सात-आठ टक्के प्रथिनं असतात; उभं वाळलं की ती दोन-तीन टक्क्यांवर येतात. ही तूट मग उन्हाळ्यात पेंडीची पोती आणून भरावी लागते.

शेतकरी थांबतो तो पावसाच्या धास्तीनं, आणि ती धास्ती खोटी नाही. म्हणून सगळा माळ एकदम कापू नये. उघडीप दिसली की एक तुकडा घ्यावा, गवत पातळ पसरावं, दोनदा उलटं करावं. पेरापाशी काडी पिळून पाहावी. ओल जाणवली नाही तरच गंजी रचावी. ओलं गवत रचलं तर गंजी आतून तापते आणि बुरशी धरते. कापताना जमिनीपासून चार बोटं बुडखा ठेवायचा, कारण पुढचा फुटवा तिथूनच येतो.

माळ बिघडतो तो हळूहळू. पवन्या, मारवेल ही जनावराच्या आवडीची गवतं, म्हणून तीच आधी ओरबाडली जातात. पान पुन्हापुन्हा तुटलं की मुळं आखडतात आणि मोकळ्या जागेत कुसळी शिरते. तिचं बी नीट पाहण्यासारखं आहे. बियाला टोक अणकुचीदार, मागे लांब कुसळ. ओलावा लागला की कुसळ पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा पीळ घेतं आणि तसं करत बी जमिनीत रुतवतं. मेंढीच्या लोकरीतून कातडीतही ते असंच घुसतं. पण कोवळी कुसळी जनावरं चवीनं खातात. ती तेव्हाच चारली किंवा कापली, तर बी धरायला तिला सवड मिळत नाही.

हिशेबही मांडून पाहावा. चारशे किलोच्या गाईला दिवसाला साधारण दहा किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला साडेतीन टनांहून अधिक. हलक्या जमिनीचा, निगा नसलेला माळ हेक्टरी टन-दोन टनच देतो. एवढ्यावर बारमाही मोकळी चराई चालवली, तर माळ टिकणं शक्यच नाही. चार वाटे पाडून एकावर चारावं, बाकीचे सावरू द्यावेत. दरवर्षी पाळीपाळीनं एक वाटा पवन्या-मारवेलाच्या बियासाठी राखावा. बांधावर मारवेलाचे ठोंब लावले, तर मातीही धरली जाते. उथळ जमिनीत स्टायलो ही शेंगवर्गीय वैरण चांगली येते, मात्र तिचं बी टणक असल्यानं पेरण्याआधी काही मिनिटं गरम पाण्यात ठेवावं.

राहिला मेंढपाळ. माळ राखायचा म्हटलं की पहिली तार त्याच्या वाटेत पडते, हे मला पटत नाही. सुगी झाल्यावर रानात मेंढरं बसवून घ्यायची आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे द्यायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तोच व्यवहार माळापर्यंत वाढवता येईल. मृगापासून कापणीपर्यंत माळ बंद, कुसळं झडून गेल्यावर ठरलेल्या दिवसांपुरता खुला, एवढं बोलणं मेंढपाळाशी पावसाळ्याआधीच व्हायला हवं.