गणकयंत्राची कीर्द आणि पेढीची रीत

बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या पेढीवर दिवाळीचे वहीपूजन आजही यथासांग होते. फरक इतकाच की, लाल वहीशेजारी आता गणकयंत्रही पूजेला असते. पोते विकले की त्याच क्षणी गोदामातील शिल्लक कमी होते, गिऱ्हाइकाच्या नावे रक्कम पडते आणि कराचा आकडाही मांडला जातो. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु या यंत्रावर कारभार कोणाचा, हा प्रश्न आपण व्यापारी बंधू स्वतःला क्वचितच विचारतो. मीही विचारला नव्हता आणि त्याची किंमत मोजली.

१८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याहून जड पोती करमुक्त राहिली. आमच्या वृद्ध दिवाणजींना हा भेद पक्का ठाऊक होता. परंतु यंत्रात 'तांदूळ' हे एकच नाव होते. पोत्याचे वजन पाहून ते स्वहस्ते कर घालीत. पुढे ते आजारी पडले आणि त्यांच्या जागी एक होतकरू मुलगा बसला. यंत्राने जे दाखविले तेच त्याने बिलात उतरविले. दोन महिन्यांनी कर-सल्लागारांनी ताळा घेतला तेव्हा दोष उघड झाला. कर आणि त्यावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज पदरचे भरावे लागले. हिशेब चुकता केलेल्या गिऱ्हाइकांकडे पुन्हा मागण्यास तोंड नव्हते.

मुलाला बोल लावणे सोपे होते, पण चूक मालकाची होती. पेढीचे ज्ञान मी एका माणसाच्या डोक्यात राहू दिले आणि यंत्रात ते उतरले आहे की नाही, हे कधी पाहिले नाही.

हा दोष केवळ लहान पेढ्यांचा आहे, असे कोणी समजू नये. २०१८ साली पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतील सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा घोटाळा उजेडात आला. परदेशी बँकांना हमीचे संदेश 'स्विफ्ट' या यंत्रणेतून जात होते. पण बँकेच्या मुख्य हिशेब-प्रणालीत त्यांची नोंद होत नव्हती. दोन यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्या नव्हत्या आणि म्हणून एकीतील व्यवहार दुसरीला कळला नाही. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, हुंडी लिहिली गेली, पण कीर्दीत ती चढलीच नाही.

यंत्रावरील कारभार म्हणजे तीन प्रश्नांची उत्तरे: ठरवितो कोण, नोंदतो कोण आणि तपासतो कोण? एकच मनुष्य तिन्ही कामे करीत असेल, तर ती व्यवस्था नव्हे, केवळ विश्वास होय.

आता आम्ही वजनानुसार मालाची निरनिराळी नावे केली आहेत. कराचा दर माझ्या वा चिरंजीवांच्या संमतीवाचून बदलत नाही. प्रत्येकाचा संकेतशब्द स्वतंत्र आहे. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद यंत्र ठेवते. कंपन्यांच्या हिशेब-प्रणालीत तर ही नोंद १ एप्रिल २०२३ पासून कायद्यानेच आवश्यक झाली आहे. शिवाय एक 'रीतवही' घातली आहे. कोणत्या मालाला किती घट धरावी, कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवसांची मुदत, कोणता नियम केव्हापासून लागू झाला, हे दिवाणजींनी आजारातून उठल्यावर स्वतः सांगून तीत लिहवून घेतले. दर महिन्याला ती वही आणि यंत्र आम्ही एकमेकांशी ताडून पाहतो.

बंधूंनो, आपले वाडवडील रोजची शिल्लक जुळविल्यावाचून दुकानाचे दार लावीत नसत. साधन बदलले, ती शिस्त बदलण्याचे कारण नाही. येत्या पाडव्याला यंत्राला हळदकुंकू वाहताना एवढे अवश्य पाहावे: आपल्या जुन्या माणसाला जे ठाऊक आहे, ते यंत्रालाही ठाऊक आहे काय?