बाबू गेनूंच्या तालुक्यात हिशेबनीस हवेत

आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं जन्मगाव. १९०८ साली इथल्या गरीब शेतकरी घरात ते जन्मले, पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेले, मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात जाऊन आले आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला परदेशी कापडाच्या लॉरीपुढे आडवे झाले. लॉरी थांबली नाही. तेव्हा त्यांचं वय होतं अवघं बावीस.

या गावात, या तालुक्यात ‘लोकांसाठी काम’ म्हटलं की ते हौतात्म्य डोळ्यांपुढे उभं राहतं. त्याचा अभिमान आहेच. पण त्यामुळे एक अडचणही झाली आहे. बी.कॉम., बी.बी.ए., एम.बी.ए. करणाऱ्या मुलामुलींना वाटतं, हे आपलं क्षेत्र नाही. घरचेही विचारतात, “समाजसेवाच करायची होती तर एवढी फी कशाला भरली?” प्रश्न कळकळीचा आहे, पण तो ज्या समजुतींवर उभा आहे त्या एकेक तपासून पाहायला हव्यात.

गैरसमज : लोकहित म्हणजे त्याग आणि धंदा म्हणजे स्वार्थ, दोघांचा संबंध नाही.

बाबू गेनूंनी जे अडवलं तो एक व्यापारच होता. परदेशी माल अडवणं ही स्वदेशीची एक बाजू. देशी माल तयार करणं, त्याचा दर ठरवणं आणि तो खपवून दाखवणं ही दुसरी. तिच्यासाठी १९२५ साली अखिल भारतीय चरखा संघ निघाला. सूत कातणाऱ्या बाईला मजुरी किती द्यायची, भांडारात खादी किती दराने विकायची, पडून राहिलेल्या मालाचं काय करायचं, हे रोजचे प्रश्न होते. त्या काळात काँग्रेसची तिजोरी सांभाळत होते वर्ध्याचे व्यापारी जमनालाल बजाज. चळवळीला छातीवर लॉरी झेलणारा लागला, तसाच पैशापैशाचा जमाखर्च चोख ठेवणाराही लागला.

आपल्या पुणे जिल्ह्याचा इतिहास याहून मागे नेतो. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले. त्यांच्या रागाचा रोख त्या कागदांवर होता, कारण त्यावर काय लिहिलंय हे ज्याच्या जमिनीचं होतं त्यालाच वाचता येत नव्हतं. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आज गावोगावी दिसणारी विकास सोसायटी ही त्याच वाटेवरची संस्था. तिचा हेतू सरळ आहे: कर्जाची वही शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे असावी. वही आली, पण ती नीट लिहिणारे हात अजूनही कमीच आहेत.

वैकुंठलाल मेहतांचं उदाहरण वाणिज्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं. मुंबईच्या प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ पाहिला, पुढे ते मुंबई राज्याचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या नावाची राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था पुण्यात आहे, आपल्यापासून दोनेक तासांच्या अंतरावर. नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या जिद्दीला अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासाची जोड मिळाली आणि प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. यांतल्या कुणी संसार सोडला नव्हता. आपली विद्या कुणासाठी वापरायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

गैरसमज : अशा कामात मन चांगलं असलं की पुरे.

हा गैरसमज मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो चांगल्या माणसांच्याच मनात असतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडची गोष्ट पाहा. मुंबईत अर्थशास्त्र शिकलेल्या चेतना गाला सिन्हा लग्नानंतर तिथे राहायला गेल्या. गावातल्या कष्टकरी बायकांना बचत करायची होती, पण एवढ्या लहान रकमेचं खातं बँका उघडत नव्हत्या. म्हणून महिलांची स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक म्हणून अंगठे उठवणाऱ्या बायका होत्या. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. चेतनाताई सांगतात, त्या बायकांनी अधिकाऱ्यांना म्हटलं, कुठल्याही रकमेवरचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

इथे मन चांगलं होतंच, पण परवाना मिळाला तो व्याजाच्या हिशेबावर. बँक चालली तीही ग्राहकाला ओळखल्यामुळे. मजुरी बुडवून बाई बँकेत येऊ शकत नाही, तेव्हा बँकेनेच तिच्या दाराशी जायचं. हा निर्णय दयेतून आलेला नाही. बाजारपेठेचा अभ्यास म्हणतात तो हाच. पुढे याच संस्थेने ग्रामीण बायकांसाठी बिझनेस स्कूल काढलं आणि गाडीत बसवून ते गावोगावी फिरवलं. व्यवस्थापनाचं शिक्षण आधी कुणाला द्यावं, याचं याहून चांगलं उत्तर मी पाहिलेलं नाही.

हिशेब ढिला राहिला की भलं करायला निघालेली संस्थाच नुकसान करते. एखादी पतसंस्था बुडते तेव्हा जातात ते मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, म्हातारपणाची ठेव. लेखापरीक्षणात शेरा वेळेवर आला असता आणि कुणी तो वाचला असता, तर कितीतरी घरं वाचली असती.

गैरसमज : यात पोट भरत नाही.

पगार कमी असतो, हे खरं आहे. पुण्यातल्या मोठ्या कंपनीइतका मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण ‘काहीच मिळत नाही’ हेही खोटं. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना आणली. तिच्यात प्रत्येक संघटनेला पहिली तीन वर्षं व्यवस्थापनखर्चासाठी एकूण १८ लाखांपर्यंत मदत ठेवली होती, त्यातच मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पगारासाठी महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत. खरी परीक्षा त्यानंतरची. चौथ्या वर्षापासून हा पगार संघटनेच्या धंद्यातूनच निघाला पाहिजे. म्हणजे तुमचं काम जमलं तर पगार, नाहीतर तुम्ही आणि संघटना दोघंही घरी. बहुतेक एम.बी.ए. मुलांना पहिल्या नोकरीत एवढी सरळ जबाबदारी मिळत नाही.

शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. तिच्यातलं एक कलम मुद्दाम वाचावं. अशा कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासदांमधला असून चालत नाही. अंतर्गत लेखापरीक्षण सनदी लेखापालाकडून करून घ्यावं लागतं. मालक शेतकरी आणि कारभार पाहणारा शिकलेला माणूस, अशी ही मांडणी कायद्यानेच केली आहे. बाप सभासद असला तरी स्वतः सभासद नसलेल्या मुलीला ही खुर्ची मोकळी आहे.

आणि शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना आधी पगाराची नोकरी धरणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत. मेधा पुरव-सामंत बँकेत अधिकारी होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी पुण्यातल्या वस्त्यांमधल्या बायकांसाठी अन्नपूर्णा परिवार उभा केला. त्यांच्या आई प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. बँकेतली शिस्त पुढच्या कामाला उपयोगीच पडली.

गैरसमज : लोकहिताचं काम म्हणजे मोठ्या कंपनीचा सीएसआर विभाग.

तो एक मार्ग आहे, एवढंच. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. पण तो पैसा ज्यांच्या हातून खर्च होतो त्या संस्थांना माणसांची गरज जास्त आहे.

गैरसमज : व्यवस्थापन शहरात शिकायचं आणि शहरातच वापरायचं.

मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० साली अभ्यासप्रकरण लिहिलं. ते डबेवाले कुठले? जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले या तालुक्यांतले. जगभरचे विद्यार्थी ज्यांच्याकडून वेळेचं नियोजन शिकतात, त्यांच्याच गावची मुलं आपल्याकडे व्यवस्थापन शिकण्यासारखं काही नाही असं मानतात, हे मला फार लागतं.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात उभं राहिलं की प्रश्न आपणच पुढे येतात. २०२३ च्या उन्हाळ्यात राज्यात शेतकऱ्यांवर टोमॅटो रस्त्यावर ओतायची वेळ आली आणि जुलैत २० किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला. भाव कुठल्याच व्यवस्थापकाच्या हातात नसतो. पण लागवडीच्या तारखा गावागावांत विभागणं, थोडा माल प्रक्रियेसाठी आधीच करार करून ठेवणं, हुंडेकऱ्याचं भाडं, हमाली, तोलाई वजा करून हातात नेमकं किती पडलं याची पिकागणिक नोंद ठेवणं, हे हातात असतं. ही नोंद फार थोड्या घरांत सापडते.

पश्चिमेकडे, डिंभे धरणाच्या वर, महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून वाळवतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा मालकी हक्क मान्य केला. मात्र हिरड्याची प्रतवारी, साठवण आणि औषध कंपनीशी थेट सौदा हे सगळं बहुतांशी अजून दुसऱ्याच्याच हातात आहे. हक्क कायद्याने मिळाला. त्याचे पैसे होतात ते गोदाम, वजनकाटा आणि चोख पावतीपुस्तक यांच्या जोरावर. ज्याला हे येतं त्याने वर्षभर तिकडे जाऊन राहावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात करायला मोठी पदवीच लागते असंही नाही. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. ही परीक्षा पदवीधरांना देता येते. ती पास होऊन संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव घेतला, की प्रमाणित लेखापरीक्षक होण्याची वाट मोकळी होते. त्या पात्रतेत मराठीच्या ज्ञानाचीही अट आहे. २०२२ साली केंद्राने देशातल्या विकास सोसायट्यांसारख्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. संगणक येईल, नोंद खरी आहे की नाही, हे पाहायला माणूसच लागेल.

आणि आज, ताबडतोब करता येईल असं एक काम आहे. सहकार कायद्यानुसार प्रत्येक संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. तिथे ताळेबंद, नफातोटा पत्रक आणि लेखापरीक्षकाचा अहवाल सभासदांपुढे येतो. बहुतेक ठिकाणी तो वाचला न जाता मंजूर होतो. वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींनो, घरातल्या सभासदाकडून यंदाचा अहवाल मागून घ्या, थकबाकीचं पान काढा, शंका लिहून काढा आणि वडिलांना, आईला त्या सभेत विचारायला सांगा.