निळी, काळी, तांबूस : लोह-शाईच्या अक्षरांचे वय

एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, तर एकाच पानावरील नोंदी निरनिराळ्या रंगांच्या दिसतात. एक ओळ गर्द काळी, तिच्याखालची करडी, त्याखालची पिंगट. एखाद्या ओळीत निळसर झाकही उरलेली असते. एरवी याकडे कोणाचे लक्ष जात नाही. परंतु जन्मतारखेविषयी वाद उपस्थित झाला, अथवा वारसाहक्काच्या दाव्यात त्या नोंदीचा आधार घ्यावयाचा असला, म्हणजे ही रंगांची तफावत बोट ठेवण्याची जागा होऊन बसते. ‘ही ओळ मागाहून घातलेली आहे, शाईच पाहा ना’ असा आक्षेप घेतला जातो, आणि रंग डोळ्यांना वेगळा दिसत असल्याने तो खराही वाटतो. पुष्कळदा तो निराधार असतो. उलट, रंग अगदी जुळत असूनही नोंद मागाहून केलेली असू शकते. कारण या शाईचा रंग स्थिर नसतो. ती दौतीत एका रंगाची, आठवड्याने कागदावर दुसऱ्या, आणि शंभर वर्षांनी तिसऱ्याच रंगाची होते. हे कसे घडते, हे दप्तर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्याजोगे आहे.

यामागील रसायन घरोघरी परिचयाचे आहे. आवळा लोखंडी कढईत शिजविला की काळा पडतो, हे गृहिणींना सांगावयास नको. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातले की कापडावर काळा रंग चढतो, ही गोष्ट रंगाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आवळा, हिरडा, बाभळीची साल, चहाची पाने यांत तुरट चवीचे जे द्रव्य असते त्यास टॅनिन म्हणतात. टॅनिन व लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखविता येईल. थोडा गंज चढलेले खिळे दोन-तीन दिवस व्हिनेगरमध्ये भिजत ठेवावेत आणि चहाचा अथवा हिरड्याचा घट्ट काढा गाळून घ्यावा. दोन्ही द्रव एकत्र करताच मिश्रण काळे होते. त्यात लिंबू पिळल्यास रंग पुन्हा फिका पडू लागतो. लिंबातील आम्ल लोहाला टॅनिनपासून ओढून घेते. शाळकरी मुलाच्या सदऱ्यावरील शाईच्या डागावर लिंबू-मीठ चोळण्याचा आजीबाईचा उपाय याच तत्त्वावर चालतो.

युरोपात शाईसाठी हिरड्याऐवजी मायफळ वापरीत. ओक जातीच्या वृक्षाच्या कोवळ्या फांदीवर एक प्रकारची माशी अंडी घालते आणि त्या जागी झाड जी गाठ धरते, ते मायफळ. त्यात टॅनिन विपुल असते. मायफळाचा अर्क, हिराकस, बाभळीचा डिंक आणि पाणी एवढ्या चार जिनसांवर युरोपचे लेखनव्यवहार कित्येक शतके चालले. मायफळाचे पाणी व हिराकस यांची ही ओळख त्याहूनही जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने जंगालात हिराकसाची भेसळ आहे काय, हे ओळखण्यासाठी मायफळाच्या पाण्यात भिजविलेला पपायरस वापरण्याची युक्ती नोंदविली आहे. भेसळ असल्यास तो काळा पडतो. चौथ्या शतकातील ‘कोडेक्स सायनायटिकस’ हे बायबलचे प्रसिद्ध हस्तलिखित याच जातीच्या शाईने लिहिलेले असून ते आजही वाचता येते.

आपल्याकडील मोडी दप्तरे सामान्यतः बोरूने आणि काजळीच्या शाईने लिहिलेली आहेत. काजळी म्हणजे निव्वळ कार्बन. तिचे कण डिंकाच्या आधाराने कागदावर बसतात आणि त्यांत रासायनिक फेरफार होत नाही. म्हणून दोन-अडीचशे वर्षांची मोडी अक्षरे अजून काळीभोर दिसतात. फक्त पाणी लागले तर ती पुसली जाण्याची भीती असते. लोह-शाईचा स्वभाव नेमका उलट आहे. ती कागदाच्या तंतूंत मुरते, पाण्याने सहसा धुऊन जात नाही, परंतु आतल्या आत बदलत राहते.

हा बदल दोन टप्प्यांत होतो. ताज्या शाईतील लोह ‘फेरस’ अवस्थेत असते. टॅनिनशी झालेले त्याचे संयुग पाण्यात विरघळणारे व जवळजवळ रंगहीन असते. अक्षर कागदावर उतरले, हवेतील प्राणवायू त्याला मिळाला, की लोह ‘फेरिक’ अवस्थेत जाते आणि काळे, न विरघळणारे संयुग तंतूंच्या आत घट्ट होऊन बसते. काळेपणा काही तासांतच दिसू लागतो. तो पुरता येण्यास अनेक दिवस, प्रसंगी काही आठवडे लागतात. मात्र लिहिणाऱ्याला अक्षर दिसले पाहिजे, ही अडचण उरतेच. जुन्या काळी शाई काही दिवस हवेत ठेवून आधीच थोडी काळी करीत. ती टाकाला चाले. पण अशा शाईत साका बसतो आणि फाउंटन पेनच्या बारीक नळीत तो अडकतो. यावर तोडगा एकोणिसाव्या शतकात निघाला. इंग्लंडमध्ये हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ च्या सुमारास निळी-काळी शाई बाजारात आणली. जर्मनीत ऑगस्ट लेओनहार्डी यांनी १८५६ मध्ये आपल्या ‘अलिझारिन’ शाईचे पेटंट घेतले. शाई आम्लाच्या साह्याने स्वच्छ, गाळरहित ठेवावयाची आणि अक्षर तत्काळ दिसावे म्हणून तीत नीळ किंवा तत्सम रंग मिसळावयाचा, अशी ही रीत आहे. ‘ब्लू-ब्लॅक’ या नावाचा खरा अर्थ हाच. ते एका छटेचे नाव नसून, निळे लिहिलेले पुढे काळे होते, या क्रमाचे नाव आहे. आज त्या नावाने विकली जाणारी प्रत्येक बाटली लोह-शाईचीच असते असे मात्र नाही. काहींत नुसताच रंग असतो.

अशा शाईची परीक्षा सोपी आहे. कागदाच्या कपट्यावर चार ओळी लिहून त्या आठवडाभर ठेवाव्यात व नंतर पाण्यात बुडवाव्यात. लोह-शाई असल्यास निळा रंग वाहून जातो आणि मागे करडी-काळी अक्षरे शिल्लक राहतात. नुसती रंगाची शाई असल्यास बहुधा कोरा कागदच हाती येतो. नदीकाठच्या गावात पुराचे पाणी कचेरीत शिरले, तर कोणती नोंदवही वाचेल, याचे उत्तर त्या कपट्यावर मिळते. भारतीय मानक संस्थेने (१९८७ पासून भारतीय मानक ब्युरो) फाउंटन पेनसाठी ०.१ टक्का लोह असलेल्या या जातीच्या शाईचे आय. एस. २२० हे स्वतंत्र मानक ठरवून दिले आहे. इंग्लंडमध्ये जन्म, मृत्यू व विवाह यांच्या नोंदवह्यांसाठी ‘रजिस्ट्रारची शाई’ म्हणून हीच शाई चालत आली. तेथील विवाहनोंद २०२१ च्या मे महिन्यापासून संगणकावर गेली.

आता त्या रजिस्टराच्या पानाकडे पुन्हा वळू. कारकुनाने एक नोंद लिहून लगेच टीपकागद दाबला आणि दुसरी तशीच वाळू दिली, तर पहिलीची बरीचशी शाई टीपकागदाने उचलून नेलेली असते; ती कायमची फिकी राहते. नवी बाटली फोडली, जाड निब घेतली, दौतीच्या तळाची शाई वापरली, उन्हाळ्यात घट्ट झालेल्या शाईत पाणी घातले, या प्रत्येक कारणाने रंगात फरक पडतो. एकाच हाताने, एकाच दिवशी लिहिलेल्या दोन ओळीही सारख्या रंगाच्या राहतील, अशी खात्री देता येत नाही. त्यामुळे केवळ छटेवरून कोणाला खोटे ठरविणे अन्यायाचे होईल. याउलट ताज्या नोंदीचा संशय असेल, तर निळेपणातून काळेपणाकडे होणारा प्रवास उपयोगी पडतो. अमेरिकेतील हस्ताक्षरतज्ज्ञ अल्बर्ट ऑस्बॉर्न यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशयित दस्तऐवजांवरील ग्रंथात याचे विवेचन आहे. अक्षराचा रंग सूक्ष्मदर्शकाखाली ठराविक काचांशी ताडून नोंदवावयाचा आणि काही दिवसांनी पुन्हा पाहावयाचा. तो अजून काळवंडत असेल, तर वीस वर्षांपूर्वीची म्हणून दाखविलेली नोंद वीस वर्षांची नव्हे, हे उघड होते. पण त्यासाठी संशय वेळेवर यावा लागतो. काळेपणा पूर्ण झाल्यावर ही खूण नाहीशी होते.

काळ्याचे तपकिरी होणे हा दुसरा टप्पा. वर्षानुवर्षे प्रकाश, हवा व ओल यांचा परिणाम होऊन संयुगातील टॅनिनचा भाग विघटित होतो आणि मागे लोहाचे गंजासारखे संयुग उरते. काळ्या डागावर ब्लीचिंग पावडर टाकल्यास तो जाऊन तेथे पिवळट-तांबूस डाग पडतो, याचा अनुभव अनेकांना असेल. शतकात घडणारी गोष्ट तेथे काही मिनिटांत घडलेली असते. हिराकसाचे प्रमाण अधिक झाले की तपकिरीपणा लवकर येतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम लुईस यांनी अठराव्या शतकात अनेक मिश्रणे करून पाहिली आणि तीन भाग मायफळ व एक भाग हिराकस हे प्रमाण टिकाऊ ठरविले. १७६३ मध्ये प्रकाशित झालेल्या त्यांच्या ग्रंथात ते आले आहे.

रंग उतरणे एक वेळ परवडले. कागद जाणे परवडत नाही. ही शाई तयार होताना गंधकाम्ल निर्माण होते आणि ते कागदातील तंतूंचे तुकडे पाडते. शिवाय शिल्लक राहिलेले फेरस लोह प्राणवायूच्या साह्याने तंतू जाळण्याचे काम चालू ठेवते. प्रथम अक्षराभोवती पिवळी कड दिसते, मग पानाच्या पाठीवर तपकिरी उलटी अक्षरे उमटतात, नंतर रेघेला भेगा पडतात आणि शेवटी अक्षर गळून जाळी उरते. बर्लिनच्या राज्य ग्रंथालयातील योहान सेबास्टियन बाख या संगीतकाराच्या स्वहस्ताक्षरातील स्वरलिप्यांना याच रोगाने ग्रासले होते. गोव्याच्या पुराभिलेखागाराचा आरंभ १५९५ मध्ये दियोगु द कौतु यांच्या नेमणुकीने झाला. तेथे पोर्तुगीज राजवटीतील शतकांची दप्तरे आहेत. युरोपीय रिवाजाप्रमाणे ती बहुतांशी लोह-शाईची आहेत. ओल हे या रोगाचे मोठे खाद्य आणि कोकणच्या पावसाळ्यात त्याची वाण नाही. फाउंटन पेनच्या शाईत लोह अल्प असल्याने शाळा-कचेऱ्यांतील गेल्या शतकातील नोंदवह्यांना हा धोका बराच कमी आहे, इतका दिलासा देता येतो.

फिकी अक्षरे पुन्हा काळी करण्याच्या मोहाने पूर्वी मोठे नुकसान झाले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील विद्वान जुन्या चर्मपत्रांवर मायफळाचा अर्क चोळीत. अक्षर क्षणभर उमटे, आणि पुढे सारे पानच डागाळून जाई. १८९८ मध्ये स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथे हस्तलिखितांच्या रक्षणासाठी तज्ज्ञांची परिषद भरली, तिच्यापुढे अशा हानीचाही विषय होता. आज असे काही करण्याची गरज उरलेली नाही. अतिनील प्रकाशात फिकी लोह-शाई गडद दिसते आणि वाचता येते. अवरक्त प्रकाशात ती दिसेनाशी होते व काजळीची शाई मात्र काळीच राहते. एका शाईवर दुसरी गिरवली असल्यास ते यावरून कळते. नेदरलँड्समध्ये योहान नेव्हेल यांनी १९९० च्या दशकात कॅल्शियम फायटेटची प्रक्रिया विकसित केली. धान्याच्या कोंड्यात आढळणाऱ्या फायटिक आम्लापासून केलेले हे द्रव्य घातक लोहाला बांधून ठेवते. तथापि त्यात कागद भिजवावा लागतो, म्हणून ते काम प्रशिक्षित माणसाचेच.

गावच्या कचेरीत वा शाळेत करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. लोह-शाईच्या बाटलीचे बूच लिहून होताच लावावे. तळाशी साका दिसू लागला की ती शाई नोंदवहीसाठी वापरू नये. तीत दुसरी शाई मिसळू नये. पेन दर पंधरवड्यास साध्या पाण्याने धुवावे. पोलादी निबेला आम्लाने गंज चढतो, म्हणून ती अधूनमधून तपासावी. जुन्या वह्या भिंतीला टेकवून अथवा जमिनीवर ठेवू नयेत. सुट्या झालेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये, ती प्लास्टिकमध्ये उष्णतेने बंदही करू नयेत, कारण आतील आम्ल आतच राहते. पाठीवर तपकिरी अक्षरे उमटलेले पान दिसले, तर ते वारंवार न हाताळता त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे, पान कोऱ्या कागदात घालून आडवे ठेवावे आणि पुराभिलेख विभागास कळवावे. अस्पष्ट झालेली नोंद नव्या पेनने गिरवून ‘स्पष्ट’ करण्याची सवय काही ठिकाणी दिसते. तीमुळे मूळ अक्षर दबून जाते आणि प्रामाणिक नोंदीवरही खाडाखोडीचा संशय येतो. नोंद वाचली जात असेल तोवर तिची नक्कल वेगळ्या कागदावर करून, तारीख घालून, सहीनिशी वहीसोबत ठेवावी.