न झालेल्या भांडणांची मोजदाद

यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २७ लाख ७२ हजार ३४८ भरली. यातली कोणतीही दोन माणसं एकमेकांशी भांडू शकतात असं धरलं, तर अशा जोड्या किती होतील? तीन लाख ८४ हजार कोटींच्या वर. सेकंदाला एक जोडी मोजायला बसलं आणि रात्रीही थांबलं नाही, तरी एक लाख २१ हजार वर्षं पुरणार नाहीत.

वणीचा माणूस उमरखेडच्या माणसाला बहुधा जन्मात भेटत नाही, हे खरं. म्हणून एकच गाव घेऊ, दोन हजार वस्तीचं. तिथेही १९ लाख ९९ हजार जोड्या होतात, आणि तिथे रोज गाठ पडते. दोन वावरांमध्ये एकच धुरा, बैलबंडी न्यायला एकच पांदण, दोन भावांत एक विहीर. वर्षाला शंभर भांडणं पोलीस ठाण्यापर्यंत गेली असं सढळ हाताने धरलं, तरी वीस हजार जोड्यांमागे एक पडतं. उरलेल्या १९ हजार ९९९ जोड्या कशाच्या बळावर नांदतात? शांततेच्या अभ्यासाने आधी हा प्रश्न घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

भांडणं मोजायचं काम प्रथम नेटाने केलं ते लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज हवामानशास्त्रज्ञाने. पहिल्या महायुद्धात बंदूक न धरता तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. पुढे त्याने भूकंपासारखी भांडणांची मापनपट्टी बनवली. एका माणसाचा खून म्हणजे शून्य, दहा बळी म्हणजे एक, शंभर म्हणजे दोन, आणि कोटीवर बळी घेणारं महायुद्ध म्हणजे सात. १८२० ते १९४५ या काळातल्या जीवघेण्या भांडणांचा त्याचा हिशेब ५ कोटी ९० लाख मृत्यूंचा आहे. त्यातले ३ कोटी ६० लाख दोन महायुद्धांतले. मग दुसऱ्या क्रमांकावर काय असेल? क्रांत्या, बंडं, वसाहतींच्या लढाया? नाही. शून्याच्या पायरीवरचे सुटे खून, ९७ लाख. ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात ओळसुद्धा मिळत नाही, त्या भांडणांनी जवळपास कोटीभर माणसं नेली.

आपल्याकडच्या मोहिमेने नेमकी हीच खालची पायरी धरली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. समिती ग्रामसभेने निवडायची, तडजोडपात्र गुन्हे आणि जमिनीचे वाद गावातच मिटवायचे, नवे तंटे उभे राहू नयेत हे पाहायचं. घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांची लग्नं समितीने पुढे होऊन लावून दिल्याच्या बातम्या विदर्भात नेहमीच्या झाल्या. एक धुरा मिटवायला काय काय लागतं, ते पाहावं: मोजणीचा नकाशा वाचता यावा, वाटणीचा कायदा माहीत असावा, पाणी कुठून कुठे वाहतं ते कळावं, आणि दोन भाऊ बारा वर्षं का बोलले नाहीत तेही उमगावं. भूमापन, कायदा, जलविज्ञान, मानसशास्त्र अशी विद्यापीठात चार इमारतींत बसणारी शास्त्रं गावात एका सतरंजीवर बसतात.

तरीही यवतमाळचं सगळ्यात मोठं दुःख रिचर्डसनच्या पट्टीवर उमटतच नाही. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने, नवरा-बायको आणि चार मुलांनी, जीवन संपवलं. तिथे भांडण नव्हतं. आरोपी नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदींनुसार २०१५ या एका वर्षात महाराष्ट्रात शेतीवर जगणाऱ्या ४,२९१ जणांनी आत्महत्या केल्या. कुणी कुणावर हात उगारत नाही आणि तरी माणसं जातात, अशा मरणाला योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये संरचनात्मक हिंसा म्हटलं. ओस्लोची शांतता संशोधन संस्था १९५९ मध्ये उभी करणारे हेच गाल्टुंग. त्यांचं म्हणणं मान्य केलं, की कापसाचा भाव, बँकेचं कर्ज आणि पावसाचा खंड हेही शांततेच्या अभ्यासक्रमात येतात. माझ्या मते ते पहिल्या धड्यातच यायला हवेत.

आता पैशाचं प्रमाण पाहू. जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि यवतमाळसह सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये जगाने लष्करावर २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर खर्च केले. म्हणजे मिनिटाला साधारण ४३ कोटी रुपये. सहा जिल्ह्यांचं ते पॅकेज या वेगाने दीड तासात संपतं. पॅकेजच्या वेळी, २००६ मध्ये, रुपया वधारलेला होता. तो भाव धरला तरी तीन तास पुरत नाही.

माणसांचा हिशेब मात्र आवाक्यातला आहे. विनोबांनी शांतिसेनेसाठी पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक मागितला होता. त्या मापाने यवतमाळला लागतात ५५५, म्हणजे सोळा तालुक्यांत मिळून तालुक्याला पस्तीसेक जण. तंटामुक्तीच्या समित्यांनी यापेक्षा कितीतरी जास्त माणसं या कामाला आधीच लावली आहेत. शिवाय मिटलेल्या तंट्यांच्या नोंदवह्या त्यांनी ठेवायच्या असतात: वाद कशाचा, कुणी मिटवला, कसा मिटला. रिचर्डसनला जगभरातून मृत्यू गोळा करावे लागले. इथे मृत्यूपर्यंत न पोचलेल्या भांडणांची नोंद गावोगाव होत आली आहे. शेजारच्या वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात अहिंसा आणि शांतता शिकवणारा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी एका तालुक्यातल्या वह्या उघडाव्यात, झरी जामणीपासून सुरुवात करावी, आणि कोणता वाद कोणत्या महिन्यात, कोणत्या पिकाच्या वेळी उठतो ते मांडावं.