मुक्या रुग्णाची शुश्रूषा

घरातल्या कुत्र्याला मोटारीची धडक बसते त्या दिवशी सारे घर धावते. कोणी गाडी आणतो, कोणी कचेरीतून रजा काढतो, एरवी भुंकण्याची तक्रार करणारा शेजारीही जुनी चादर घेऊन जिन्यात उभा राहतो, आणि शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली असे डॉक्टरांनी सांगितले, की संकट टळले अशी सर्वांची समजूत होते. वस्तुतः ज्याला शुश्रूषा म्हणावे ते कार्य तोपर्यंत सुरूही झालेले नसते. मुंबईत परळ येथे सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून उभे राहिलेले बाई साकरबाई रुग्णालय आणि 1886 साली त्याच्याच आवारात सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय यांच्यामुळे जनावरांवरील शास्त्रशुद्ध उपचारांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. परंतु रुग्णालयाच्या दारातून रुग्ण बाहेर पडल्यावर त्याचे घरी काय करावे, याचे ज्ञान मात्र अजूनही ऐकीव गोष्टींवरच चालते.

मोडलेले हाड सांधण्यास पिल्लाला साधारण महिना, तर प्रौढ कुत्र्याला दोन ते तीन महिने लागतात, आणि या मुदतीतला सर्वांत कठीण हुकूम म्हणजे त्याला पिंजऱ्यात किंवा लहानशा खोलीत बांधून ठेवण्याचा. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास वेदना ओसरतात, कुत्रा पाय टेकू लागतो, दाराकडे पाहून शेपूट हलवतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरातल्या आजींना दया येऊन “सोडा रे बिचाऱ्याला जरा” असा निवाडा होतो. पण पाय टेकणे हा वेदना कमी झाल्याचा पुरावा आहे, हाड सांधल्याचा नव्हे; तो पुरावा फक्त एक्स-रे देऊ शकतो. सोफ्यावरून घेतलेल्या एकाच उडीने हाडाला बसवलेली प्लेट वाकते किंवा स्क्रू सैल होतात, आणि मग दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते, जी पहिलीपेक्षा हमखास अवघड असते. दया आणि काळजी या दोन भावना एरवी एकत्र नांदत असल्या तरी आजारपणात त्यांची वाट पुष्कळदा वेगळी होते, आणि अशा प्रसंगी काळजीच्या मागे जाणे हेच त्या प्राण्यावरचे खरे प्रेम होय, असे माझे निश्चित मत आहे. गळ्यातली नरसाळ्यासारखी कॉलर पाहून ज्यांचा जीव कळवळतो, त्यांनी टाके चाटून उघडी पडलेली जखम एकदा पाहावी.

आपल्या शहरांतील सदनिकांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे गुळगुळीत फरशी. तीन पायांवर तोल सावरणारा कुत्रा तिच्यावर घसरतो आणि धडधाकट पायही दुखावून घेतो. म्हणून त्याच्या बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी, आणि मागचे पाय अशक्त असल्यास पोटाखालून टॉवेलची झोळी घालून, तिची दोन्ही टोके वर धरून, त्याला चालवावे. पायाला बांधलेली पट्टी रोज सकाळ-संध्याकाळ तपासावी, आणि ती कशी तपासावी हे नीट समजून घ्यावे: पट्टीच्या तळाशी उघडी राहिलेली मधली दोन बोटे हातात धरून ती उबदार आहेत की गार, आणि कालच्यापेक्षा नखांमधले अंतर वाढले आहे की काय, हे पाहावे. नखे फाकू लागली तर पायाला सूज चढते आहे, पट्टी घट्ट झाली आहे, आणि उद्यापर्यंत थांबण्याची सवड नाही. पावसाळ्यात बाहेर नेताना पायाला प्लास्टिकची पिशवी बांधावी, मात्र घरी येताच ती काढावी, कारण आत कोंडलेला ओलावा कातडी कुजवतो. उघड्या जखमेवर माशा बसल्या तर एका दिवसात तिच्यात किडे पडतात. तेव्हा तिच्यावर हळद किंवा राख न दाबता थेट दवाखाना गाठावा.

येथे एका गोष्टीबद्दल कठोरपणे लिहिणे मला भाग आहे. कळ थांबावी म्हणून घरातल्या औषधाच्या डब्यातली माणसांची गोळी जनावराला देण्याचा रिवाज घातक आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते, कारण ते औषध निर्विष करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. आणि आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण पडून मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

हाड सांधते आणि मुदत संपते. दीर्घ आजाराला अशी मुदत नसते. कुत्र्याचा मधुमेह घ्या. त्याला बहुधा जन्मभर, दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिनचे इंजेक्शन द्यावे लागते, आणि हे ऐकून कित्येक कुटुंबे पहिल्या दिवशीच हताश होतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्यांवर प्रयोग करून हे औषध सिद्ध केले आणि 1922 च्या जानेवारीत ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला दिले गेले. ज्या जातीच्या बळावर मनुष्यजातीला हे जीवदान लाभले, तिला त्याचा लाभ देताना आपण उपकार करीत नाही, ऋण फेडतो.

आणि कृती भासते तितकी कठीण नाही. प्रथम खाणे, मग सुई. खांद्यामागची सैल कातडी चिमटीत उचलून बारीक सुई टोचली तर बहुतेक कुत्री खाण्यातून मान वर करीत नाहीत. खरी जोखीम सिरिंजच्या निवडीत आहे. आपल्या औषधविक्रेत्यांकडे चाळीस आणि शंभर अशा दोन शक्तींचे इन्सुलिन मिळते. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसऱ्याची केशरी. शंभर शक्तीचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरले तर चार एककांच्या खुणेपर्यंत दहा एकके जातात, म्हणजे अडीचपट मात्रा. प्राणी लडखडू लागला, थरथरला किंवा झटके आले, तर हिरड्यांना मध चोळून तत्काळ डॉक्टरांना गाठावे. सुई टोचताना थोडे औषध केसांत सांडले असे वाटले तरी दुसरा डोस देऊ नये. आणि त्याने खाल्लेच नाही, तर नेहमीची मात्रा देण्यापूर्वी विचारावे.

मांजराचे आजारपण याहून गूढ, कारण दुखणे लपवणे हा त्याचा जातिस्वभाव. म्हाताऱ्या मांजराच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश शक्ती लयाला गेलेली असते. तरीही योग्य आहार आणि घरीच कातडीखाली दिलेले सलाइन यांवर ते समाधानाने जगू शकते. खिडकीच्या गजाला बाटली टांगावी, मांजराला मांडीवर घ्यावे, आणि पाठीवर लिंबाएवढा फुगवटा आला तरी घाबरू नये; तो काही तासांत जिरतो.

या सर्व रुग्णांसाठी एक साधी वही मी अपरिहार्य मानतो. किती पाणी प्यायला, काय खाल्ले, लघवी झाली का, औषध कोणी आणि केव्हा दिले, ही नोंद रोजच्या रोज व्हावी. तसे झाले तरच आईने दिलेला डोस मुलगा पुन्हा देत नाही. कुत्रा दिवसाला दर किलो वजनामागे 100 मिलिलिटरहून अधिक पाणी पिऊ लागला, तर डॉक्टरांना कळवावे. हृदयविकार जडलेल्या पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्याचे श्वास तो गाढ झोपला असता मिनिटभर मोजावेत. ते सतत तीसपेक्षा अधिक भरू लागले, तर फुप्फुसांत पाणी साचत असल्याची ती पहिली खबर असू शकते.

पुढे कधी तरी हीच वही एका दुःखद प्रश्नाचाही विचार करण्यास उपयोगी पडते. आवडते खाणे, दारापर्यंत सामोरे येणे, उन्हात अंग टाकणे, यांपैकी काय उरले आहे आणि वाईट दिवस चांगल्या दिवसांहून किती अधिक झाले आहेत, हे तिच्या पानांवरून दिसते. केवळ ताटातूट सोसवत नाही म्हणून त्याची वेदना लांबवणे मला मान्य नाही. हा विषय डॉक्टरांपाशी, प्राण्याची प्रकृती बरी असतानाच काढावा, इंजेक्शनने त्याला शांतपणे मरण कसे दिले जाते ते विचारावे, आणि प्रसंग आल्यास डॉक्टर घरी येऊ शकतील की काय, हेही त्याच भेटीत ठरवून ठेवावे.